पाचवी फळी

तिच्या पाठीवर छिन्नीने कोरलेला ५ आहे, म्हणून ती पाचवी. निपाणीच्या बाजारात आज्जाच्या किराणा दुकानाला नऊ फळ्या होत्या. गावात शटर यायच्या आधीची ही गोष्ट. रात्री दुकान बंद करताना उंबऱ्याच्या खाचेत एकेक फळी उभी करून सरकवायची, चार डावीकडे, चार उजवीकडे, आणि मधे उरलेल्या फटीत शेवटी पाचवी. आकडे कोरलेले असत, कारण प्रत्येक फळी आपल्याच जागी बसे. तिसरी चौथीच्या जागी घातली तर ती अडून राही आणि आज्जा वैतागत. पाचवी बसली की आडवी लोखंडी पट्टी चढवायची, तिच्या कोयंड्यात कुलूप अडकवायचे आणि ते दोनदा ओढून बघायचे. आज्जा दोनदाच ओढत. एकदा ओढून त्यांचे समाधान होत नसे आणि तिसऱ्यांदा ओढणे त्यांना कुलपाचा अपमान वाटे.

मी सातवीत असताना शटर बसले. बाकीच्या आठ जणींपैकी दोन माळ्याला लागल्या, उरलेल्या एकेक करून न्हाणीघराच्या बंबात गेल्या. पाचवी वाचली ती अंगावरच्या लोखंडामुळे. कोयंडा आणि पट्टीचे खिळे तिच्यात इतके खोल रुतले होते की फोडायला घेतली असती तर कुऱ्हाडीची धार गेली असती. मग ती जिन्याखाली उभी राहिली, पंचवीस वर्षे. सागवान असल्याने वाळवीनेही तिला तोंड लावले नाही.

आज ती माझ्या मेजाच्या कडेला दोन शिकंज्यांनी पक्की धरलेली आहे आणि तिच्या अंगावर सात कुलपे आहेत. जिचे सगळे आयुष्य बंद करण्यात गेले, ती आता मला उघडायला शिकवते.

आमची गाठ पुन्हा पडली ती माझे वडील, आण्णा, गेले तेव्हा. त्यांची एक पत्र्याची ट्रंक होती, खांद्याइतक्या उंच फडताळावर, आणि तिला पितळी कुलूप. किल्ली ते कनवटीला लावत. दवाखान्याच्या धावपळीत ती कुठे गेली कोणास ठाऊक. तेराव्यानंतर कागदपत्रांची गरज पडली म्हणून किल्ल्या करणाऱ्या एकाला बोलावून आणले. त्याने कुलूप हातात घेतले, एकदा उलटेसुलटे केले आणि छिन्नी काढली. चार घावांत कडी तुटली. ट्रंकेचा कोयंडाही वाकला. आत पासबुके होती, दुकानाचे रोजमेळ होते, आईचे एक पत्र होते. हवे ते सगळे मिळाले, पण माझ्या मनातून ते चार घाव जाईनात. आण्णा ज्याला दोन बोटांनी रोज उघडत, ते कुलूप हातोडीपुढे हरले, आणि मी बघत उभा राहिलो. ते तुटके कुलूप मी खिशात घातले आणि न फोडता कुलूप उघडायला शिकायचे ठरवले. त्या रात्री जिन्याखालून पाचवीला बाहेर काढले.

कुलूप हातात धरून उघडण्याचा सराव होत नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळले. एका हाताने कुलूप धरायचे, त्याच हाताच्या बोटाने ताण द्यायचा आणि दुसऱ्या हाताने आतल्या पिना चाचपायच्या, यात अर्धे लक्ष कुलूप सांभाळण्यातच जाते. शिवाय खरे कुलूप हातात नसते, ते दारात असते. दाराच्या बाजूने जशी किल्ली जाते तसाच हात जायला शिकला पाहिजे. म्हणून कुलपाला कणखर बैठक हवी, आणि सागवानी पाचवीइतकी कणखर बैठक मला माहीत नव्हती.

बेळगावला उद्यमबागेत माझा मेव्हणा लेथवर काम करतो. ज्या गावात किर्लोस्कर बंधूंनी १८८८ साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, त्या गावात लोखंडाशी बोलणारी माणसे आजही गल्लोगल्ली सापडतात. मेव्हण्याने फळी आडवी टाकली, टिचक्या मारून तिचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "हिला भोक पाडायचं म्हणजे जिवावर येतंय, दाजी." तरी त्याने पाडली. गोल सिलिंडरसाठी ३२ मिलिमीटरची दोन, आणि फ्लॅटच्या दारात असते तसल्या लांबट सिलिंडरसाठी तीन, वर गोल आणि खाली निमुळती, किल्लीच्या चित्रात काढतात तशी. गोल सिलिंडर मागून दोन लांब स्क्रूंनी आवळले जाते. लांबट सिलिंडरच्या पोटात कडेने एक आट्यांचे भोक असते, त्यात पाच मिलिमीटरचा एकच स्क्रू गेला की ते हलत नाही. मेव्हण्याने खाली अंगठ्याएवढी आणखी दोन भोके पाडून ठेवली. विचारले तर म्हणाला, "असू देत. पुढं लागतील."

टांगत्या कुलपांचा प्रश्न वेगळा होता. कोयंड्यात अडकवलेले कुलूप डोलते, बोट लावले की मागे सरते. त्यासाठी मागे लाकडाचा ठोकळा बसवला आणि त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. आता कुलूप ठोकळ्याला पाठ टेकून बसते, म्हातारे माणूस भिंतीला टेकून बसते तसे. फळीची उंची ठरवायला मला महिना लागला. आधी डोळ्यांच्या रेषेत लावली होती, कारण बघून करायचे काम असे वाटत होते. मान दुखली, खांदा दुखला, कुलूप उघडले नाही. एक दिवस वीज गेली. अंधारात हात चालू राहिला आणि मग लक्षात आले की डोळ्यांचा यात काही वाटाच नाही. फळी खाली आणली, खुर्चीत बसल्यावर कोपर जिथे येते तिथे. तेव्हापासून ती तिथेच आहे.

डावीकडून पहिले सिलिंडर तिचे सगळ्यांत मऊ बोल आहे. त्यात मी एकच पीन ठेवली आहे.

सिलिंडरच्या पोटात एक गाभा असतो, तो किल्लीबरोबर फिरतो. वरून त्यात पिनांच्या जोड्या उतरलेल्या असतात. खालची पीन किल्लीला टेकते, वरचीला स्प्रिंग दाबून धरते. किल्ली नसली की वरची पीन अर्धी गाभ्यात आणि अर्धी बाहेर, म्हणजे ती अडसरच झाली. बरोबर किल्ली गेली की सगळ्या जोड्यांचे सांधे नेमके गाभ्याच्या कडेला येतात, वरच्या वर, खालच्या खाली, आणि गाभा मोकळा फिरतो. प्राचीन मिसरी लोकांची लाकडी कुलपे याच तत्त्वावर चालत. अमेरिकेत येल बापलेकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते पितळेत आणले, आणि मुलाने केलेली चपटी, दातेरी किल्ली आज तुमच्या-माझ्या खिशात आहे.

किल्लीशिवाय ते उघडते कसे? कारखान्यात पाच भोके एका रेषेत पाडायची म्हटली तरी केसाएवढा फरक राहतोच. गाभ्याला हलका पीळ दिला की पाचही पिना एकदम अडत नाहीत, एकच आधी अडते. ती शोधायची आणि हळूच वर उचलायची. सांधा कडेला आला की बोटाला एक बारीकशी टिचकी जाणवते, गाभा जरासा सरकतो आणि मग दुसरी पीन अडते. तिचा क्रम पहिल्यानंतरचा असेलच असे नाही. कधी चौथी, कधी दुसरी. प्रत्येक कुलपाचा क्रम त्याचा त्यालाच माहीत. नऊ फळ्यांना जसे आपापले आकडे होते, तसेच.

अवजारे साधी आहेत. पीळ द्यायला मोटारीच्या वायपरमधली पोलादी पट्टी काटकोनात वाकवून घेतली, आणि आकडा हॅकसॉच्या तुटक्या पात्यापासून घासला. घासताना पाते तापू द्यायचे नाही, निळे पडले की त्यातला ताठरपणा गेला. पाण्याचा वाडगा शेजारी ठेवून मी दोन संध्याकाळी घासत होतो. अवघड आहे तो हात.

हाताचे खरे शिक्षण मला फळीने दिलेच, पण फळीची भाषा मला उलगडून सांगितली ती शेजारच्या आक्कांनी. आक्का जन्मभर विड्या वळत आल्या. निपाणीत जिच्यातल्या घरांत सूप, कात्री, पानाचा फर्मा आणि दोऱ्याचे रीळ नाही अशी गल्ली शोधावी लागे. मजुरी हजारावर मोजतात, म्हणून हात थांबवून चालत नाही, बोलणे, रडणे, लेकराला झोपवणे सगळे वळता वळता. एका दुपारी त्या ताक द्यायला आल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या.

"काय करायलाईस रं?"

"किल्लीबिगर उघडायला शिकतोय, आक्का."

"कुणाचं हाय?"

"माझंच."

हा प्रश्न त्यांनी आधी विचारला, याचे मला आजही अप्रूप वाटते. उत्तर मिळाल्यावरच त्या खुर्चीत बसल्या. तिसऱ्या सिलिंडरवर, तीन पिनांच्या, मी आठवडाभर अडलो होतो. पट्टीवर बोट कसे ठेवायचे तेवढे दाखवले. त्यांनी डोळे फळीवरून काढून रस्त्याकडे लावले. थोडा वेळ काही झाले नाही. मग गाभा फिरला.

"तू तिला ढकलायलाईस," त्या म्हणाल्या. "इडी वळताना असं दाबलं तर पान फाटतंय. तंबाखू किती हाय ते आंगठ्याला कळाय पायजे, डोळ्याला न्हवं."

एवढे बोलून त्या ताकाचे भांडे घेऊन गेल्या. मी पट्टीवरचा जोर निम्म्याने कमी केला, मग आणखी निम्म्याने. पुस्तकात लिहितात तेच होते ते, पण पुस्तक वाचून माझा अंगठा हलका झाला नव्हता. पाचवी फळी जोराला उत्तरच देत नाही. जोर केला की सगळ्या पिना एकदम आवळून घेते आणि मुकी होते. हात सैल केला की पुन्हा बोलायला लागते. इतकी वर्षे तिच्याशी बोलताना ती एकदाही चिडलेली मी पाहिली नाही, आणि एकदाही माझी कीव करून उघडलेली नाही.

उजवीकडचे लांबट सिलिंडर तिच्या स्वभावाची दुसरी बाजू दाखवते. त्यातल्या काही वरच्या पिना मधे बारीक आहेत, दोऱ्याच्या रिळासारख्या. तीन पिना बसल्या की गाभा अचानक चांगला सरकतो आणि माणसाला वाटते, उघडले. उघडलेले नसते. रिळाची कंबर कडेवर अडकलेली असते. इथे पुढे रेटले तर तास गेला तरी काही होत नाही. पीळ थोडा सोडावा लागतो, गाभा उलटा फिरू द्यावा लागतो, कधी बसलेली एखादी पीन पडते तर ती पडू द्यावी लागते. मिळवलेले सोडायला मला त्या सिलिंडरने शिकवले, आणि त्याला तीन महिने लागले.

मधोमध, जुन्या कोयंड्यातच, सात लिव्हरचे टांगते कुलूप आहे. आज्जाच्या हाताने ज्या जागी रोज कुलूप लागे त्याच जागी. आपल्याकडच्या दारांवर अजून याच जातीचे राज्य आहे. अर्देशिर गोदरेजांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपे करायला घेतली त्याला सव्वाशे वर्षे उलटली, आणि अलीगढ, दिंडीगल इथल्या कारागिरांची कुलपे आठवडी बाजारापर्यंत येतात. लिव्हरच्या कुलपात पिना नसतात, पितळी पत्र्यांच्या चकत्या एकावर एक असतात, प्रत्येकीला एक खाच. सातही खाचा एका रेषेत आल्या तरच अडणी आत शिरते. एखादी चकती जास्त उचलली तरी वाट बंद. १८१८ साली इंग्लंडात जेरेमाया चब यांनी असे कुलूप केले की चोरट्याने एक लिव्हर जास्त उचलली की ते जाम व्हायचे, आणि मालकाला किल्ली लावताच कळायचे की कोणी तरी हात लावून गेला आहे. कुलपाला स्मरण दिले त्या माणसाने. मला ही कल्पना फार थोर वाटते.

तरी १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेहून आलेल्या ए. सी. हॉब्ज याने ते सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. पिकॅडिलीत जोसेफ ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप कित्येक दशके पडून होते, उघडेल त्याला २०० गिनी. हॉब्जने त्यावर सोळा दिवसांत मिळून ५१ तास घालवले आणि तेही उघडले. इंग्लंडात खळबळ उडाली, असल्या गोष्टी उघड करू नयेत असे लोक म्हणू लागले. पण त्यानंतरच तिथली कुलपे सुधारली. ते ५१ तास मी पुष्कळदा मनात मोजतो. तुटले असते तर एका मिनिटात तुटले असते.

माझ्याकडे येणारे पाहुणे फळी पाहून दबकतात. एकाने तर विचारले, हे चांगले का? मी त्यांना आक्कांचा प्रश्न सांगतो: कुणाचं हाय? जगभर हा छंद जपणाऱ्यांचे दोन नियम आहेत. कुलूप आपले असावे किंवा मालकाने हातात दिलेले असावे, आणि जे कुलूप वापरात आहे, ज्याच्या भरवशावर घर झोपते, त्याला हात लावू नये. पाचवीवरचे एकही कुलूप आज काही राखत नाही. म्हणूनच ते माझ्याशी मोकळेपणाने बोलू शकते.

शब्दांचीही इथे गंमत होते. आमचे गाव कर्नाटकात, गावाचे देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. त्या कॉलेजातला माझा चिक्कोडीचा मित्र कानडी घरातला. तो फळीसमोर बसला की म्हणतो, कीली छान आहे. त्याच्याकडे कीली म्हणजे कुलूप आणि किल्लीला कीलीकै, म्हणजे कुलपाचा हात. आम्ही किल्ली म्हणतो ते उघडणारीला, आणि कुलूप हा आमचा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला. दोघे एकाच फळीपुढे बसून एकाच शब्दाने दोन वेगळ्या वस्तू मागतो आणि दोघांनाही हवी ती मिळते. या सीमेवर इतक्या सहज जुळणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत.

कुलपांचे राज्य या गावाने वेगळ्या तऱ्हेनेही पाहिले आहे. तंबाखूच्या वखारी, त्यांची उंच दारे आणि त्यांवरची पावशेराची कुलपे. शेतकऱ्याने वर्षभर राबून आणलेला माल एकदा आत गेला की किल्ली व्यापाऱ्याच्या कनवटीला, आणि भाव ठरवणारा तोच. याच भावासाठी मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बेंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसे मेली. आण्णा सांगत, त्या दिवशी पाचवी फळी भर उन्हात बसवली होती, आणि आज्जांनी कुलूप ओढून बघितलेच नाही, तसेच उंबऱ्यावर बसून राहिले. फळीच्या डाव्या कडेला एक गुळगुळीत खळगा आहे, हात टेकून टेकून झालेला. मी सराव करताना माझा डावा तळवा आपोआप तिथेच जातो.

पावसाळ्यात तिचे अंग धरते. जूनमध्ये लाकूड फुगते, सिलिंडरांचे स्क्रू आवळले जातात, पितळेवर हिरवट साय येते. तेल घालायचे नाही, तेलावर धूळ बसते आणि निपाणीच्या धुळीत तंबाखूची भुकटी असते, ती पिनांच्या भोकांत खळीसारखी चिकटते. पेन्सिलीचे शिसे घासून त्याची पूड किल्लीवर लावून आत घालायची, एवढेच. दिवाळीपर्यंत ती पुन्हा मोकळी होते, आणि हिवाळ्यात तिच्या टिचक्या सगळ्यांत स्वच्छ ऐकू येतात.

खंडेनवमीला आम्ही तिची पूजा करतो. आज्जांच्या काळी दुकानाच्या तराजूबरोबर नऊ फळ्यांनाही हळदकुंकू लागायचे, त्याचा डाग कोयंड्याच्या वर अजून आहे. आता आकडे, पट्ट्या, कानस, शिकंजे तिच्यासमोर मांडतो आणि वर झेंडूचे फूल. त्या दिवशी कुठल्याच कुलपाला हात लावायचा नाही, अवजारांनी विसावा घ्यायचा.

सगळ्यांत वरच्या बाजूला आण्णांच्या ट्रंकेचे कुलूप आहे, तुटक्या कडीचे. ते लावता येत नाही, पण त्याचे पोट शाबूत आहे, चार लिव्हरचे. मागच्या पौषात एका रात्री मी त्यावर बसलो. पहिल्या रात्री नाही जमले, चौथ्या रात्री अडणी मागे सरली. पुरते पंचेचाळीस मिनिटांचे काम होते. त्या दिवशी छिन्नीवाल्याला थांबवून कोणी पंचेचाळीस मिनिटे मागितली असती, तर कडी आज जागेवर असती.

तुमच्याकडे किल्ली हरवलेले कुलूप असेल, आजीच्या पेटीचे, जुन्या परसदाराचे, तर ते फोडू नका आणि भंगारात घालू नका. निपाणीला पाठवा. मेव्हण्याने पाडून ठेवलेली खालची दोन भोके अजून रिकामी आहेत.